दोन औषधे, एक विष

रमजानच्या आधीचा शेवटचा रविवार होता. आमच्या मोहल्ल्यात घरोघरी साफसफाई चालली होती. शेजारच्या भाभींनी न्हाणीघराची फरशी उजळावी म्हणून आधी टीसीएल पावडर पसरली आणि त्यावरच फरशीचे ॲसिड ओतले. पिवळट हिरवा धूर उठला. भाभींना खोकल्याची उबळ आली आणि अम्मीला काय झाले म्हणून त्यांचा सहा वर्षांचा मुलगा आत धावला. आम्ही दोघांना ओढून गच्चीवर नेले, मग दवाखान्यात. डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतले. अल्लाहच्या कृपेने दोघेही बरे झाले.

नंतर भाभी म्हणाल्या, "सर, दोन्ही साफ करायचीच औषधं ना? दोन्ही टाकली तर दुप्पट साफ होईल, असं वाटलं." आम्ही गप्प राहिलो. वर्गात क्लोरीन वर्षानुवर्षे शिकवला, पण शेजारी कधी सांगितला नाही. म्हणून हा लेख.

क्लोरीन वायू 1774 मध्ये शेले या शास्त्रज्ञाने प्रथम तयार केला. पुढे 1810 मध्ये डेव्हीने ते मूलद्रव्य असल्याचे दाखवून त्याच्या रंगावरून नाव दिले. हा वायू हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असतो, म्हणून तो जमिनीलगत आणि खोलगट जागी साचतो. पाण्याशी मिळाला की त्याचे आम्ल बनते. आपले डोळे, घसा आणि फुप्फुसे ओलीच असतात, तिथेच तो जाळतो. 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन फौजेने हाच वायू शत्रूच्या खंदकांवर सोडला होता. आपल्या मुंबईत शिवडीजवळ हाजी बंदरावर 14 जुलै 2010 रोजी जुन्या, पडून राहिलेल्या सिलिंडरमधून तो गळला आणि शंभराहून अधिक लोकांना त्रास झाला. कोरडा क्लोरीन पोलादाला फारसा खात नाही. ओलावा मिळाला की मात्र तोच पोलाद पोखरतो.

तरीही याच क्लोरीनमुळे आपण कॉलरा, विषमज्वरापासून वाचतो. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेने जाते, तेव्हा लाखोंच्या पिण्याच्या पाण्यात टीसीएल लागते. गावच्या विहिरीत, मशिदीच्या टाकीतही तेच. प्रमाण साधारण 1000 लिटरला 5 ग्रॅम. पावडर थेट टाकू नये. बादलीत पाण्यात कालवावी, चुना खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी टाकीत ओतावे. तासाभराने ओटी तपासणीत पाणी पिवळसर झाले, तर क्लोरीन शिल्लक आहे असे समजावे. लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा.

म्हणजे दोष वायूचा नाही, मिसळण्याचा आहे. टीसीएल किंवा कपड्यांचे ब्लीच कोणत्याही ॲसिडबरोबर वापरू नये. संडास धुण्याच्या बऱ्याच द्रावणांतही ॲसिड असते. अमोनिया असलेल्या काच पुसण्याच्या द्रावणाबरोबरही नको, त्यातूनही विषारी वायू निघतो. एक वापरले की भरपूर पाण्याने धुऊन मगच दुसरे, आणि तेही शक्यतो दुसऱ्या दिवशी. दार-खिडकी उघडी ठेवावी. टीसीएल कोरड्या जागी, मुलांच्या हाताला न लागेल असे ठेवावे.

वास आलाच तर बाटली उचलायला थांबू नये. मुलांना घेऊन मोकळ्या हवेत, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने आणि उंच जागी जावे. अंगावरचे कपडे काढावेत, डोळे साध्या पाण्याने 15 मिनिटे धुवावेत आणि 108 ला फोन करावा. बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवावे, कारण फुप्फुसांचा त्रास काही तासांनीही उमटतो.

भाभींच्या न्हाणीघरात आता दोन बाटल्या दोन वेगळ्या फळ्यांवर असतात. वाचकहो, आज आपल्या घरातही तेवढे पाहून घ्या.