लाज कशाची?

जिवंत मॉडेल समोर बसवून नग्नदेह रेखाटणे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही, असे आपल्यातील काही सज्जन म्हणतात. देहधारण हा ज्यांच्या श्रद्धेचा पाया, त्यांना देहाची एवढी किळस यावी? सिस्टिन चॅपेलमधील मायकेलअँजेलोच्या नग्न आकृतींवर १५६५ साली आपल्याच चर्चने वस्त्रे रंगविली. १९९४ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याच चॅपेलला मानवी देहाच्या ईशज्ञानाचे पवित्रस्थान म्हटले. १८८६ साली पॅरिसच्या प्रदर्शनात एदगार देगाने अंघोळ करणाऱ्या, अंग पुसणाऱ्या स्त्रियांची पेस्टलचित्रे मांडली. खडूच्या रेघांवर रेघा चढवून काढलेल्या त्या वाकलेल्या पाठींत मला तरी चाळवणारे काही दिसत नाही. लाज वाटायचीच तर याची वाटावी, की देगासमोर अवघडून बसलेल्या बहुतेक बायकांची नावेही कोणी टिपून ठेवली नाहीत.