मोत्याचा रंग, तेलाचा रंग

नथीतला मोती बसऱ्याचा आहे, असे अभिमानाने सांगणारी घरे महाराष्ट्रात अजून आहेत. नाव बसऱ्याचे असले तरी तो मोती निघत असे तो इराणी आखाताच्या तळातून, बहारीन आणि कुवेतच्या पाणबुड्यांच्या हातून. आणि त्याची निवड, विंधण व विक्री मोठ्या प्रमाणावर होत असे ती मुंबईत. 1930 च्या सुमारास जागतिक मंदी आणि जपानचा संवर्धित मोती या दुहेरी आघाताने हा व्यापार कोसळला. पुढे 1938 साली कुवेतमध्ये बुर्गान येथे तेल सापडले आणि 1946 साली त्याची निर्यात सुरू झाली. पाण्याखालच्या धनाची जागा जमिनीखालच्या धनाने घेतली.

मोनिरा अल कादिरी या कुवेती कलावतीच्या शिल्पांचा विषय हाच आहे. तिचे आजोबा मोत्यांच्या गलबतावरील गायक होते. मोत्याच्या अंगावर झळकणारे सप्तरंग आणि पाण्यावर पसरलेल्या तेलाचा तवंग यांतील साम्य तिने हेरले. 2014 साली दुबईतील शिंदघा या जुन्या वस्तीत तिने तेलविहीर खोदणाऱ्या ड्रिलच्या दातेरी टोकाची प्रचंड प्रतिकृती उभारली, तिला मोटारीला देतात तसा चमकता रंग दिला आणि नाव ठेवले ‘एलियन टेक्नॉलॉजी’, म्हणजे परग्रहावरचे तंत्र. यंत्राचा एक सुटा भाग पाहता पाहता एखाद्या अज्ञात देवतेच्या मुकुटासारखा भासू लागतो. 2022 च्या व्हेनिस येथील द्वैवार्षिक प्रदर्शनातही तिची अशी शिल्पे होती.

यातील अर्थशास्त्रीय सत्य नाकारता येणार नाही. ज्या उत्पन्नामागे समाजाच्या श्रमाचा हिस्सा अत्यल्प असतो, त्या उत्पन्नाला अर्थशास्त्र ‘खंड’ म्हणते. सामान्य माणूस त्याला दैवी कृपा म्हणतो. शेत पिकले तर का पिकले हे शेतकऱ्याला ठाऊक असते. तेलाचे तसे नाही. ते परक्या यंत्रांनी वर येते, परक्या बाजारात विकले जाते आणि एका पिढीत वाळवंटाचे नगर होते. अशा धनाभोवती पुराणकथा निर्माण होणे स्वाभाविकच होय. 1991 साली माघार घेणाऱ्या इराकी सैन्याने कुवेतच्या सहाशेहून अधिक विहिरी पेटविल्या. त्या आगीच्या हौशी चित्रणाला या कलावतीने 2013 साली जुन्या धार्मिक दूरचित्रवाणी कार्यक्रमांतील निवेदनाची जोड दिली. सृष्टीच्या स्तुतीचे शब्द आणि काळवंडलेले आकाश यांचा हा मेळ शिल्पांपेक्षाही अधिक बोलका आहे.

तथापि एका ठिकाणी थांबून विचार केला पाहिजे. मोती विरुद्ध तेल अशी जोडी मांडली की मोत्यांचा काळ आपोआप निर्मळ, कष्टाचा आणि म्हणून पवित्र वाटू लागतो. वस्तुतः तो काळ कर्जाचा होता. हंगामाच्या आरंभी पाणबुड्याला गलबताच्या नोखदाकडून उचल मिळे (आपल्या कोकणातला ‘नाखवा’ हा याच शब्दाचा भाऊबंद), आणि हंगाम संपला तरी ती क्वचितच फिटे. बापाचे देणे मुलाच्या माथी येई. नाक चिमट्याने बंद करून, पायाला दगड बांधून दिवसभर बुड्या मारणाऱ्या माणसाच्या वाट्याला मोत्याचे रंग येत नव्हते. त्या काळाची हळहळ हीदेखील एक पुराणकथाच आहे, आणि ती तेलाच्या पैशावर पोसलेल्या पिढीला विशेष सोयीची आहे.

दुसरी उणीव अधिक जवळची आहे. झळाळत्या ड्रिलमध्ये ते फिरविणारे हात दिसत नाहीत. 1990 च्या आक्रमणानंतर कुवेत व इराकमधून सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना मायदेशी आणावे लागले, तेव्हा कुठे आपल्याकडच्या पुष्कळांना तेथील अर्थव्यवस्था कोणाच्या खांद्यावर उभी आहे याची जाणीव झाली. केरळची गोष्ट सर्वज्ञात आहे. रत्नागिरीकडील कितीतरी गावांची घरेही याच पैशावर उभी राहिली.

अर्थात हा दोष त्या कलावतीवरच टाकणे न्यायाचे होणार नाही. 1973 च्या अखेरीस तेलाचे भाव काही महिन्यांत सुमारे चौपट झाले आणि 1974 साली मुंबईच्या समुद्रात तेल लागले, तेव्हा आपल्यालाही साक्षात्कार झाल्यासारखेच वाटले होते. ज्या यंत्राने ते शोधले त्याचे नाव ‘सागर सम्राट’! गरजेच्या चार-पंचमांशाहून अधिक कच्चे तेल भारत आजही बाहेरून आणतो. पण एक रुपयाच्या नोटेच्या पाठीवर चित्र आले ते त्या सम्राटाचेच. 1961 साली स्वतःचा दिनार येईपर्यंत कुवेतच्या बाजारातही रुपयाच चालत असे.