शिल्लक धावा

उन्हाळ्याच्या सुट्टीत नातू पुण्याहून परभणीला आला तो पाठीवर दप्तर आणि काखेत बुटाचं खोकं घेऊन. खोक्यात काय, तर कार्डं! क्रिकेटवाल्यांची, फुटबॉलवाल्यांची, पोकेमॉनची. मोजली तेव्हा ६१२ भरली. काहींना रबरबँड लावलेलं, काही दुधाच्या पिशवीत कोंबलेली, उरलेली तशीच मोकळी. पहिल्याच रात्री खोकं कलंडलं आणि अर्धी कार्डं दिवाणाखाली गेली. सूनबाई वैतागून म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही एवढी वर्षं पोरांना वळण लावलंत, याच्या पसाऱ्यालाही जरा शिस्त लावा."

शिस्त म्हटलं की निवृत्त मास्तराच्या अंगात येतं. मी शंभर पानी वही आणली, पट्टीनं रकाने आखले. अनुक्रमांक, नाव, संघ, शेरा. दुपारभर बसून संघवार गठ्ठे लावले. भारत इकडे, ऑस्ट्रेलिया तिकडे, पोकेमॉन वेगळे. नातू सगळं मुकाट्यानं बघत होता. शेवटी म्हणाला, "आजोबा, छान झालंय. पण आता मला काहीच सापडणार नाही."

मी चमकलो. मग त्यानं समजावून सांगितलं. त्याच्या लेखी कार्डांचे चार प्रकार होते. विकत घेतलेली, अदलाबदलीत मिळालेली, पैजेत जिंकलेली आणि चौथा गठ्ठा एका मित्राचा. त्या मित्राच्या वडिलांची नागपूरला बदली झाली, तेव्हा जाता जाता त्यानं आपली ११ कार्डं याला दिली होती. मी ती अकराही कार्डं संघवार वाटून टाकली होती. माझ्या वहीत त्या मित्रासाठी रकानाच नव्हता.

मंडळी, इथे मी थोडा थांबलो. पोराचं वर्गीकरण पोरकट आहे असं वाटत असेल, तर एक खरी हकीकत सांगतो. अमेरिकेत जेफरसन बर्डिक नावाचे एक गृहस्थ होते. तिकडे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सिगारेटच्या पाकिटात चित्रांची कार्डं घालायला सुरुवात झाली. पाकीट चेपू नये म्हणून पुठ्ठा आणि गिऱ्हाईक परत यावं म्हणून चित्र. पुढे मिठाई आणि च्युइंगमबरोबरही कार्डं येऊ लागली. बर्डिक यांनी ही सगळी जमवली आणि त्यांची यादी केली. त्यांनी मांडणी खेळाडूवार नाही केली. कार्ड कशाबरोबर आणि कुठल्या काळात लोकांच्या हाती आलं, यावरून त्यांनी अक्षरं ठरवली. विसाव्या शतकातल्या तंबाखूच्या कार्डांना 'टी', जुन्या मिठाईच्या कार्डांना 'इ' असं. म्हणजे पाहा, कार्ड आलं कुठून, हाच पाया. माझा नातू वेगळं काय करत होता?

बर्डिक यांनी १९४७ पासून आपला संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला द्यायला सुरुवात केली. तीन लाखांहून अधिक नग! संधिवातानं हात वाकडे झालेले, तरी स्वतः बसून कार्डं वह्यांत लावत राहिले. जानेवारी १९६३ मध्ये काम संपलं आणि मार्चमध्ये ते वारले. आज जगभरचे संग्राहक कार्डांना त्यांनी दिलेल्या क्रमांकांनीच ओळखतात. नोकरी करून छंद जपणाऱ्या एका साध्या माणसानं लावलेली ही व्यवस्था आहे.

तेव्हा माझं पहिलं मत असं की संग्रह कसा लावायचा हे ठरवण्याचा हक्क ज्याचा संग्रह त्याचा. थोरांनी कोरडी जागा द्यावी, हवं तर पट्टी-पेन्सिल द्यावी आणि बाजूला व्हावं.

दुसरी गोष्ट वाढीची. माझ्या वहीत अनुक्रमांक ६१२ वर संपला. दुसऱ्याच दिवशी आतेभावाशी अदलाबदल करून पोरानं नऊ नवी कार्डं आणली. आता ती घालायची कुठे? शेवटी लिहिली तर गठ्ठ्याशी मेळ बसत नाही, मध्ये घुसवावी तर वही खोडायची. ग्रंथपाल रंगनाथन हे मुळात मद्रासचे गणिताचे प्राध्यापक. ग्रंथालय ही वाढत जाणारी गोष्ट आहे, हा नियम त्यांनी १९३१ सालीच मांडून ठेवला आहे. शाळेच्या ग्रंथालयात मी तो मुलांना तोंडपाठ सांगत असे. घरी मात्र विसरलो! जे वाढणार आहे त्याला बांधील वही चालत नाही, सुटी पानं लागतात. मग आम्ही दोन कड्यांची फाईल आणली आणि एकेका पानाला नऊ कप्पे असलेली प्लास्टिकची पानं मागवली. प्रत्येक प्रकारानंतर एक पान कोरं सोडलं.

आता थोडं व्यवहाराचं, कारण आपल्या परभणीची हवा काही न्यूयॉर्कची नाही. रबरबँड मेच्या उन्हात विरघळून कार्डाला चिकटतं आणि त्याआधी कडा दाबून टाकतं, म्हणून ते पहिलं काढावं. प्लास्टिक घेताना वास घ्यावा. उग्र वास येणारं मऊ पीव्हीसी कालांतरानं चिकट होतं आणि छपाई ओढून घेतं. पॉलिप्रॉपिलीनचे कप्पे बरे. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर अजिबात करू नये. फाईल उभी ठेवावी, खिडकीच्या उन्हात नको. पावसाळ्यात पत्र्याच्या पेटीत ठेवावी, नव्या बुटांबरोबर येणाऱ्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या आत टाकाव्यात. आणि पेटी भिंतीला टेकवू नये, खाली विटा देऊन उचलून ठेवावी. वाळवी भिंतीतूनच चढते.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. १९६० च्या आसपास मी स्वतः काडीपेटीचे छाप जमवत असे. जहाज, घोडा, वाघ असे दीडएकशे छाप मी पिठाच्या खळीनं जुन्या रोजनिशीत चिकटवले होते. खळ म्हणजे कसरीला पंगतच. दोन पावसाळ्यांत रोजनिशीची चाळण झाली. पण तो माझा तोटा, त्याचं काही नाही. खरी टोचणी वेगळीच आहे, आणि त्यासाठीच हे लिहायला बसलो.

१९९२ च्या विश्वचषकाचे दिवस. तेव्हा 'बिग फन' नावाच्या बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रं येत. त्यावर धावा किंवा बळी छापलेले असत. ठरावीक धावा जमल्या की बक्षीस. वर्गात दुसरं बोलणं नव्हतं. आठवीतल्या एका मुलाला मी तासाला चित्रं मोजताना पकडलं. सगळा गठ्ठा काढून घेतला, शाळेच्या कपाटात खालच्या खणात टाकला आणि सांगितलं, "परीक्षा झाली की घेऊन जा." एप्रिलमध्ये परीक्षा झाली. मी विसरलो, आणि त्याला विचारायचा धीर झाला नसावा. जूनमध्ये कपाट उघडलं तर खालचा खण वाळवीनं पोखरलेला. गठ्ठ्याच्या जागी माती. तो मुलगा पहिल्याच आठवड्यात कपाटाशी येऊन उभा राहिला. खरं सांगायचं सोडून मी म्हणालो, "अजून तेच डोक्यात आहे का? आता नववीत आलास, अभ्यास कर." तो निघून गेला.

दोन वर्षांपूर्वी जिंतूरच्या बसस्टँडवर एक पन्नाशीकडे झुकलेला गृहस्थ वाकून पाया पडला. तोच. स्वतःचं दुकान आहे, दोन मुलं शिकतात. चहा झाला, घरची विचारपूस झाली. निघताना हसत म्हणाला, "सर, माझ्या त्र्याण्णव धावा तुमच्याकडं राहिल्या बघा. सातच कमी पडत होत्या."

तो हसला, मला मात्र हसता आलं नाही. तीस वर्षांहून अधिक काळ त्यानं तो आकडा जपला होता. वाळवीचं मी त्याला तिथेच, उभ्या उभ्या सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ द्या सर, मला तवाच कळलं होतं. तुमच्या तोंडावरून." म्हणजे मी लपवलंय असं मला वाटत होतं, ते त्याला त्याच दिवशी कळलं होतं.

हल्ली या कार्डांच्या किमतीबद्दल फार ऐकू येतं. होनस वॅगनर या बेसबॉलपटूचं शंभरएक वर्षांपूर्वीचं एक सिगारेट-कार्ड २०२२ मध्ये साडेबाहत्तर लाख डॉलरला गेलं. ते ऐकून काही पालक मुलांची कार्डं कडक प्लास्टिकच्या पेटीत बंद करून कुलपात ठेवतात, हात लावू देत नाहीत. दुसरे काही पालक ती घर आवरताना रद्दीत देतात. मला दोघेही सारखेच वाटतात. दोघांनीही मुलाच्या हातातून वस्तू काढून घेतली. एकानं ती मौल्यवान समजून, दुसऱ्यानं कचरा समजून. मुलाला तिची किंमत विचारायचं दोघेही विसरले. ती किंमत बहुधा रुपयांत नसते. ती नागपूरला गेलेल्या मित्रात असते, किंवा कमी पडलेल्या सात धावांत.

कोणी म्हणेल, वर्गात शिस्त नको का? हवीच. तासाला खेळ चालला तर वस्तू काढून घ्यावी, मी आजही घेईन. पण घेतलेली वस्तू ही ठेव असते, दंड नव्हे. ती पाकिटात घालावी, वर मुलाचं नाव आणि तारीख लिहावी, आणि ठरल्या दिवशी त्यानं न मागता हातात द्यावी. मुलांना आपण वर्षभर प्रामाणिकपणाचे धडे देतो, पण आपला स्वतःचा व्यवहार ती अशाच ठिकाणी तपासून पाहतात.

असो. नातू फाईल घेऊन पुण्याला गेला. अकरा कार्डांचं पान त्यानं सगळ्यात पुढे लावलं आहे. अनुक्रमांकाची वही इथेच पडली आहे, तिच्या कोऱ्या पानांवर मी किराणा लिहितो.

माझ्या शिक्षक मित्रांना एवढीच विनंती, की सुट्टी लागायच्या आधी आपापल्या कपाटाचा खालचा खण एकदा उघडून पाहा. कुणाच्या धावा शिल्लक असतील तर जूनची वाट पाहू नका.