हिरागानातले रॉक

मराठीच्या मास्तराने जपानी रॉक बँडवर लिहावे, हे पाहून काही वाचकांच्या भुवया वर जातील. जाऊ द्यात. हे भांडण गिटारींचे नव्हतेच. ते होते भाषेचे, आणि भाषेचे भांडण म्हटले की मास्तराला घरात बसवत नाही.

व्हेंचर्सच्या विजेच्या गिटारींनी जपानी पोरांना आधीच वेड लावले होते. त्यात १९६६ साली बीटल्स टोकियोच्या बुदोकानमध्ये गाऊन गेले. मग काय, गल्लोगल्ली बँड निघाले. स्पायडर्स, टायगर्स, टेम्प्टर्स अशी नावे! गाणी पुष्कळदा जपानीच, पण धंदेवाईक गीतकारांनी मापे घेऊन शिवून दिलेली. ज्यांना अस्सल रॉक गायचे होते, त्यांचा ओढा इंग्रजीकडे. युया उचिदा हे त्यांतले बिनीचे गृहस्थ. जपानी भाषा रॉकच्या ठेक्यावर बसत नाही, आणि जगात जायचे तर इंग्रजीच हवी, असा त्यांचा पक्ष.

हा नुसता न्यूनगंड म्हणून उडवून लावता येत नाही. जपानीत बहुतेक अक्षरे स्वरान्त, आणि प्रत्येक अक्षर जवळजवळ सारखाच वेळ खाणारे. इंग्रजी शब्द एका अक्षरावर आघात करतो नि बाकीची गिळून टाकतो. रॉकचा ठेका त्या आघातावरच पोसलेला. उचिदांनी उभा केलेला फ्लॉवर ट्रॅव्हलिन बँड कॅनडापर्यंत गेला. १९७१ साली त्यांची 'सातोरी' निघाली. नाव बौद्ध, गाणे इंग्रजी.

समोर उभी राहिली चार तरुण पोरे: हारुओमी होसोनो, एइइची ओताकी, शिगेरू सुझुकी आणि ताकाशी मात्सुमोतो. बँडचे नाव 'हॅपी एंड'. पण गंमत पाहा, परके शब्द जपानीत काताकाना लिपीत लिहायचा रिवाज; यांनी ते इंग्रजी नाव चक्क घरच्या हिरागानात लिहिले! अर्धे भांडण त्या पाटीवरच जिंकले, असे माझे मत.

१९७१ साली 'न्यू म्युझिक मॅगझिन'च्या पानांवर हा वाद रंगला. उत्तर मात्र त्याच साली आलेल्या 'काझेमाची रोमान' या तबकडीने दिले. 'काझेमाची' म्हणजे वाऱ्याचे शहर. १९६४च्या ऑलिंपिकसाठी टोकियो उकरले गेले. मात्सुमोतोच्या बालपणीचे जे शहर त्यात हरवले, ते त्याने शब्दांत पुन्हा वसवले. हा बँडचा ड्रमवाला आणि हाच गीतकार! ठेका ज्याच्या हातात, शब्दही त्याच्याच हातात. मग भाषा ठेक्यावर का बसणार नाही? गाणारेही बिलंदर. अक्षरे ताणावीत, शब्द मध्येच तोडावेत. भाषेची हाडे मोडून ती नव्याने सांधावीत. आमच्या वर्गात हे केले असते, तर मी गुण कापले असते.

जपानी गाणे परदेशी चालत नाही, हेही खरे नव्हते. क्यू साकामोतोचे जपानी गाणे १९६३ सालीच अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले होते. फक्त तिकडे त्याला नाव दिले 'सुकियाकी', म्हणजे एका मांसाच्या पदार्थाचे. गाण्यात त्या पदार्थाचा मागमूस नाही! आपल्या एखाद्या विरहगीताला 'पिठलं-भाकरी' म्हणून विकावे, तसा प्रकार.

'हॅपी एंड'चा संसार मात्र अल्पजीवी. १९७२ साली मंडळी लॉस एंजेलिसला जाऊन अखेरची तबकडी ध्वनिमुद्रित करून आली. तिच्यातल्या शेवटच्या गाण्याचे नावच 'सायोनारा अमेरिका, सायोनारा निप्पॉन'. त्या वर्षाअखेर बँड मोडला.

पुढे होसोनोने १९७८ साली र्युइची साकामोतो आणि युकिहिरो ताकाहाशी यांच्याबरोबर यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा काढला. त्याच वर्षीची त्याची 'कोचीन मून' ही तबकडी हिंदुस्थानच्या प्रवासातून जन्मली. ऑर्केस्ट्राने जग गाजवले, पण यंत्रांच्या सुरांवर. शब्द थोडे, आणि जे होते तेही पुष्कळदा इंग्रजी. उचिदा गालांतल्या गालांत हसले असतील काय?

मात्सुमोतोने ड्रम सोडून लेखणी धरली आणि सेइको मात्सुदासारख्या लोकप्रिय गायिकांसाठी ढिगाने गाणी लिहिली. ओताकीच्या १९८१च्या 'अ लाँग व्हेकेशन'मधले बहुतेक शब्दही त्याचेच. ओताकी २०१३ साली गेला. उचिदा २०१९ साली. २००७ साली 'रोलिंग स्टोन'च्या जपानी आवृत्तीने जपानी रॉकच्या शंभर तबकड्या निवडल्या, तेव्हा 'काझेमाची रोमान'ला पहिला क्रमांक मिळाला. तिच्यातले 'काझे ओ आत्सुमेते', म्हणजे 'वारा गोळा करून', हे गाणे त्याआधीच, २००३ साली, 'लॉस्ट इन ट्रान्सलेशन' या अमेरिकन चित्रपटात वाजले होते. जपानीतच, आणि स्वतःच्या नावाने.