ऑनलाईन शिक्षण आणि सीमाभागातील मराठी शाळा

२०२० च्या मार्चमध्ये शाळांना कुलुपे लागली, तेव्हा सीमाभागातील मराठी शाळांपुढे जो पेच उभा राहिला तो बेळगावातील कानडी शाळेपुढे नव्हता, की कोल्हापुरातील मराठी शाळेपुढेही नव्हता. त्या जुलैत दूरदर्शनच्या चंदना वाहिनीवर ‘संवेद’ हे पाठ सुरू झाले, ते कानडीतून. त्याच महिन्यात सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ आली. भाषा आपली, पण आधार बालभारतीच्या पुस्तकांचा. आमच्या मुलांच्या हाती मात्र कर्नाटकाची मराठी माध्यमाची पुस्तके. धडा जुळला तर भाषा नाही, भाषा जुळली तर धडा नाही!

साथ ओसरली, शाळा भरल्या. आता तो प्रश्न मिटला असे ज्यांना वाटते त्यांनी ऐन पावसाळ्यात कणकुंबी-जांबोटीकडे एक चक्कर मारावी. अतिवृष्टीने शाळांना सुटी जाहीर होते, पण दहावीची परीक्षा काही पुढे जात नाही. म्हणून कोणती साधने आपल्या उपयोगाची आहेत, याचा शिक्षक बंधू-भगिनींनी शांतपणे विचार करायला हवा.

केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ हे व्यासपीठ २०१७ पासून आहे. त्यात राज्य मंडळ आणि माध्यम निवडता येते. पुष्कळ शिक्षक कर्नाटक मंडळ निवडतात आणि मराठीत हवे ते मिळाले नाही की ते बंद करून टाकतात. त्यांनी महाराष्ट्र मंडळ निवडून पाहावे. गणिताला ते पुष्कळ उपयोगी पडते, कारण वर्गसमीकरण निपाणीत सोडवा की कागलात, उत्तर एकच. विज्ञानासाठी अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाचे ‘फेट’ हे प्रयोगांचे संकेतस्थळ आहे. त्यातील बरेच प्रयोग मराठीत आहेत आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालतात. ज्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूपबंद कपाट आहे, तिथे याचे मोल वेगळे सांगायला नको.

खरी अडचण समाजविज्ञानाची. तिथे पलीकडचे आयते साहित्य चालत नाही, आपले आपणच करावे लागते. आणि ते करणे वाटते तितके अवघड नाही. तासाभराच्या व्हिडिओ वर्गाला शेकडो एमबी लागतात. पाच मिनिटांचा धडा आवाजात ध्वनिमुद्रित करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर दोन-तीन एमबीसुद्धा लागत नाहीत. शिवाय रेंज येईल तेव्हा तो उतरतो आणि मूल रात्री वडिलांचा मोबाईल घरी आल्यावर ऐकू शकते. झगमगाट नाही म्हणून या साधनाला कमी लेखू नये.

टंकलेखनाची धास्ती आता सोडावी. गुगल डॉक्समध्ये मराठी बोलले की अक्षरे उमटतात. जोडाक्षरे तपासावी लागतात, आणि आमची बेळगावी बोली त्याला कधी कधी पेलत नाही हेही खरे! छापील पानाचा मजकूर ‘गुगल लेन्स’ने उचलता येतो. मात्र जे काही लिहाल ते युनिकोडमध्येच ठेवा. हे मी पोळून सांगतो आहे. जुन्या फाँटमध्ये वर्षानुवर्षे टंकलेली माझी इतिहासाची टिपणे दुसऱ्या संगणकावर उघडली, तर पडद्यावर नुसती खुणांची रांगोळी. सगळे पुन्हा लिहावे लागले.

आता दोष आपलाही सांगतो. आमच्या समितीच्या बैठकांत ठराव पुष्कळ होतात. पण चांगला शिक्षक निवृत्त झाला की त्याच्या प्रश्नपत्रिका आणि टिपणे त्याच्याबरोबर घरी जातात. खानापूर तालुक्यातला शिक्षक जो नकाशा रात्र जागून काढतो, तोच नकाशा निपाणीत दुसरा कोणी पुन्हा काढत बसतो. मराठी शाळेत सोयी नाहीत म्हणून पालक मूल इंग्रजी शाळेत घालतात, ही तक्रार आपण करतो. पण आपले असलेले साहित्य तरी एका जागी कुठे आहे?

येत्या सुटीत निदान दहावीचे समाजविज्ञान हाती घ्यावे. धडे वाटून घ्यावेत, प्रत्येकाने आपल्या धड्याचे ध्वनिमुद्रण, दोन पानी टिपण आणि वीस प्रश्न तयार करावेत. सगळे एका गुगल ड्राइव्हवर ठेवावे आणि जिथे रेंज नाही त्या शाळांना पेनड्राइव्हवर पोचवावे. खर्च पेनड्राइव्हचा. पहिल्या दोन धड्यांची जबाबदारी माझ्याकडे लावावी.