पॅकेज आले, पण गेले कुठे?



गेल्या वर्षीची गोष्ट. बारावीच्या एका विद्यार्थिनीने घरच्या संगणकावर प्रकल्प तयार केला. आपल्या बडोद्याच्या पावसाचे आकडे घेऊन तिने पायथनमध्ये तक्ते आणि आलेख काढले होते. घरी सगळे नीट चालत होते. शाळेच्या प्रयोगशाळेत आणून चालवले, तर पडद्यावर लाल अक्षरे उमटली : मॉड्यूल नॉट फाउंड एरर, नो मॉड्यूल नेम्ड पांडाज. आम्ही म्हणालो, "पॅकेज टाकलेले नसेल, टाकून घे." तिने पिप इन्स्टॉल पांडाज ही आज्ञा दिली. 'सक्सेसफुली इन्स्टॉल्ड' असा निरोपही आला. पुन्हा कार्यक्रम चालवला, पुन्हा तीच लाल ओळ. आम्ही म्हणालो, "काढून परत टाक." तिने तीनदा काढले, तीनदा टाकले. दोन तासिका गेल्या. शेवटी तिने वही मिटली आणि हळूच म्हणाली, "सर, हे मला जमण्यातले नाही."

कारण आम्हाला तिसऱ्या दिवशी सापडले. त्या संगणकावर पायथन दोन होते. एक जुन्या तुकडीच्या वेळी टाकलेला, दुसरा आम्हीच नंतर टाकलेला. पॅकेज एकात जात होते आणि कार्यक्रम दुसऱ्यात चालत होता. मुलीची एका अक्षराचीही चूक नव्हती. आम्ही तिला बोलावून हे सांगितले, प्रकल्पही वेळेत सादर झाला. पण तिचे मन उडाले ते उडालेच. पुढे तिने संगणकाची शाखा घेतली नाही. दुसरी शाखा घेतली याचे वाईट वाटत नाही. आपल्याला येत नाही अशी समजूत घेऊन ती गेली, आणि ती समजूत आम्ही करून दिली, याचे वाईट वाटते. म्हणून हा लेख.

आमचे मत थोडक्यात असे. संगणकाची चूक कशी वाचावी हे आपण शिकवत नाही, फक्त ती कशी घालवावी हे सांगतो. 'काढून परत टाक', 'बंद करून चालू कर', 'फॉरमॅट मार' हे आपले तीन मंत्र. लागू पडले तर का पडले ते कळत नाही आणि नाही पडले तर मूल स्वतःला दोष देते. केंद्रीय मंडळाच्या अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमात आता पायथन आहे, इन्फर्मेटिक्स प्रॅक्टिसेस या विषयात तर पांडाज आणि मॅटप्लॉटलिब ही पॅकेजेसच शिकायची आहेत. तेव्हा ही लाल ओळ प्रत्येक घरी कधी ना कधी येणारच. ती आली की काय करावे, हे आम्हाला उशिरा कळलेले इथे क्रमाने सांगतो.

सोपे उदाहरण घेऊ. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बोलावून बडोदे संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभे केले. समजा, तुम्ही मागवलेले पुस्तक मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात आले आणि तुम्ही मात्र आपल्या वाडीच्या वाचनालयातली कपाटे धुंडाळता आहात. पुस्तक आले हे खरे आणि तुम्हाला सापडत नाही हेही खरे. पिपचा निरोप आणि पायथनची तक्रार अशी एकाच वेळी खरी असू शकते. प्रत्येक पायथनची कपाटे वेगळी असतात. एकातले पॅकेज दुसऱ्याला दिसत नाही.

म्हणून पहिला प्रश्न : मी कोणत्या पायथनशी बोलतो आहे? ज्या खिडकीत चूक आली, त्याच खिडकीत इम्पोर्ट सिस् असे लिहावे आणि मग सिस् डॉट एक्झिक्युटेबल छापून पाहावे. त्या पायथनचा पूर्ण पत्ता मिळतो. आता आज्ञेच्या काळ्या खिडकीत पिप व्हर्जन विचारावे. पिप कोणत्या पायथनसाठी काम करतो, ते त्या उत्तरात लिहिलेले असते. दोन पत्ते जुळले नाहीत, तर रोग सापडला. उपायही सोपा आहे. नुसते पिप न म्हणता, पहिल्या पायथनचा पत्ता आधी लिहून पुढे डॅश एम पिप इन्स्टॉल पांडाज असे लिहावे. म्हणजे पॅकेज त्याच पायथनच्या कपाटात जाते. आयडल एका पायथनचे, काळी खिडकी दुसऱ्याची आणि अ‍ॅनाकोंडा तिसरा, असा संसार पुष्कळ घरच्या संगणकांवर आम्ही पाहिला आहे.

दुसरा प्रश्न : नाव तेच आहे ना? टाकायचे नाव आणि बोलवायचे नाव एकच असले पाहिजे असा नियम नाही. आपल्याकडे पाळण्यातले नाव एक आणि हाक मारायचे दुसरे, तसेच हे. पिलो नावाचे चित्रांचे पॅकेज टाकायचे, पण बोलवायचे पीआयएल म्हणून. पिलो हा जुन्या पीआयएलचा वारस आहे, आणि जुने कार्यक्रम चालू राहावेत म्हणून त्याने हाकेचे नाव तेच ठेवले. ओपनसीव्ही-पायथन टाकले की सीव्ही-टू म्हणून बोलवायचे. सायकिट-लर्न टाकले की एसकेलर्न. बारावीच्या मुलांना नेहमी लागणारे मायएसक्यूएल-कनेक्टर-पायथन टाकले, तर कार्यक्रमात मात्र मायएसक्यूएल डॉट कनेक्टर असे लिहायचे. शिवाय लहान-मोठी लिपीही पायथन पाहतो. पांडाजचे पहिले अक्षर मोठे लिहिले, तर विंडोजवरसुद्धा तो ओळख दाखवत नाही.

तिसरा प्रश्न मुलांच्या फार कामाचा : माझ्याच फाइलने वाट अडवली नाही ना? पायथन मॉड्यूल शोधताना आपली फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे, तिथे आधी पाहतो. मुले हौसेने पहिल्या सरावाच्या फाइलला रँडम किंवा पांडाज असेच नाव देतात. मग इम्पोर्ट पांडाज म्हटले, की खऱ्या पांडाजऐवजी पायथन त्या पोराची फाइलच उघडतो. एकाने फाइलचे नाव मायएसक्यूएल ठेवले होते. चूक आली, 'मायएसक्यूएल इज नॉट अ पॅकेज'. तो बिचारा पॅकेज टाकत बसला. फाइलचे नाव बदलताच सारे सुरळीत झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या पायथन ३.१३ पासून असे झाले, तर बऱ्याचदा चुकीच्या ओळीतच 'फाइलचे नाव बदलून पाहा' अशी सूचना येते. पण ती वाचायला तर हवी.

चौथा प्रश्न : ओळ नेमके काय म्हणते? 'नो मॉड्यूल नेम्ड' म्हणजे घरच सापडले नाही. 'कॅनॉट इम्पोर्ट नेम' म्हणजे घर सापडले, पण त्या नावाचे कोणी तिथे राहत नाही. अशा वेळी पॅकेजची आवृत्ती जुनी किंवा फार नवी असते, नाही तर दोन फाइली एकमेकींना बोलावत अडकलेल्या असतात. 'डीएलएल लोड फेल्ड' म्हणजे माणूसही आहे, पण दार उघडताना काही मोडले. जून २०२४ मध्ये नमपायची दुसरी मोठी आवृत्ती आली, तेव्हा पहिल्या आवृत्तीसाठी बांधलेली अनेक पॅकेजेस तिच्याबरोबर चालेनात. तिथे पत्ता बरोबर होता, नाव बरोबर होते, फक्त जोडी जुळत नव्हती. तीन वेगळे आजार आणि आपण तिन्हींना एकच गोळी देतो : परत टाक.

आणि ही गोळी नेहमीच निरुपद्रवी नसते. चूक दिसली की मुले अंदाजाने नावे टाकून पाहतात. पायथनच्या सार्वजनिक भांडारात पाच लाखांहून अधिक प्रकल्प आहेत आणि तिथे कोणालाही आपले पॅकेज ठेवता येते. डिसेंबर २०१९ मध्ये तिथून दोन पॅकेजेस काढून टाकावी लागली. एकाने पायथन-डेटयुटिल या प्रसिद्ध पॅकेजच्या नावात फक्त ३ हा आकडा घुसवला होता. दुसऱ्याने जेलीफिश या नावातल्या एका लहान 'एल'च्या जागी मोठा 'आय' ठेवला होता, डोळ्यांना फरक दिसणे कठीण. ती पॅकेजेस संगणकावरच्या गुप्त किल्ल्या चोरू पाहत होती, आणि त्यातले दुसरे जवळजवळ वर्षभर भांडारात होते. तेव्हा नाव अधिकृत माहितीपत्रकात पाहूनच टाकावे, अंदाजाने कधीही नाही. घरच्या संगणकावर आईवडिलांचे बँकेचे व्यवहारही होत असतात, हे मुलांनी लक्षात ठेवावे.

एक चांगली सवय सुचवतो. प्रत्येक प्रकल्पाला स्वतःचा वेगळा कप्पा करावा. त्याला आभासी परिसर किंवा व्हेन्व म्हणतात आणि पायथन ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून, ती सोय पायथनमध्येच आहे. एका प्रकल्पाची पॅकेजेस दुसऱ्यात मिसळत नाहीत. कोणती पॅकेजेस कोणत्या आवृत्तीची आहेत, याची यादी पिप फ्रीझने काढून प्रकल्पासोबत ठेवावी. त्या मुलीकडे अशी यादी असती आणि आमच्याकडे तसा कप्पा असता, तर ते दोन तास वाचले असते.

आता आक्षेपांकडे वळू. काही पालक म्हणतात, "परीक्षेत याला गुण नाहीत, मग वेळ का घालवायचा?" खरे आहे, गुण नाहीत. पण वेळ आजही जातो आहे, फक्त न शिकता जातो आहे. सहकारी म्हणतात, "तासिकेत तीस मुले, प्रत्येकाची चूक कोण वाचणार?" आमचे उत्तर असे, की मुलांनीच वाचायची. आम्ही जवळ उभे राहून फक्त विचारायचे : "शेवटची ओळ मोठ्याने वाच. तिचा अर्थ तुझ्या शब्दांत सांग." पहिल्या महिन्यात तासिका रेंगाळते, हे आम्ही कबूल करतो. दुसऱ्या महिन्यात मुले एकमेकांना विचारू लागतात आणि आमच्यापुढची रांग कमी होते.

कोणी असेही म्हणते, की चुकीची ओळ इंग्रजीत असते, मग मराठीचा आग्रह कशाला? ओळ इंग्रजीतच राहू द्या. अर्थ मात्र मुलाला स्वतःच्या भाषेत सांगता आला पाहिजे. ज्या ओळीचा अर्थ आपल्या भाषेत सांगता येतो, तिची भीती वाटत नाही. याच बडोद्यात १९३१ साली राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना आपल्या भाषांतले प्रतिशब्द देणारा 'सयाजी शासन शब्दकल्पतरू' निघाला. त्या गावात राहून आपण 'मॉड्यूल नॉट फाउंड'चा अर्थ पोरांना समजावून सांगू नये, हे बरे दिसत नाही.

म्हणून या वर्षापासून प्रयोगशाळेत आम्ही एक जाडजूड वही ठेवली आहे. चूक आली की मुलाने तीन गोष्टी लिहायच्या : ओळ काय होती, कारण काय निघाले आणि कोणत्या प्रश्नाने ते सापडले. पहिल्या पानावर आम्ही आमचीच चूक लिहिली आहे, 'एका संगणकावर दोन पायथन ठेवले आणि विद्यार्थिनीला दोष दिला.' प्रत्येक संगणकावर आता एकच पायथन आहे आणि त्याचा पत्ता पडद्याच्या कडेला चिठ्ठीवर लिहून चिकटवला आहे.

पालकांना एवढीच विनंती, की मूल लाल अक्षरांपुढे अडले असेल तर "तुला येत नाही का?" असे विचारू नका. "ओळ काय म्हणते आहे?" असे विचारा. तुम्हाला पायथन आला नाही तरी चालेल. आणि माजी विद्यार्थ्यांपैकी जे या क्षेत्रात काम करतात, त्यांनी शनिवारी सकाळी एखादा तास येऊन मुलांना आपल्या फसलेल्या गोष्टी सांगाव्यात. यशाच्या गोष्टी मुले स्नेहसंमेलनात ऐकतातच.

ती विद्यार्थिनी दिवाळीत शाळेत आली होती. आम्ही तिला वहीचे पहिले पान दाखवले. तिने ते दोनदा वाचले, हसली आणि म्हणाली, "सर, तारीख लिहायची राहिली." तिने स्वतःच्या हाताने तारीख घातली. आता पान पुरे झाले आहे.