उकळलं म्हणजे तुटलं नव्हे

मैत्रिणींनो, परीक्षा जवळ आल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूरच बदलतो. एरवी लोणच्याला बुरी का येते म्हणून विचारणाऱ्या भगिनी ‘मुलांच्या अभ्यासाचं काय करू?’ असं विचारू लागतात. या वेळी एका भगिनीनं लिहिलं आहे, की त्यांची नववीतली मुलगी सहामाहीत रसायनशास्त्रात नापास झाली. ‘हिला सायन्स झेपायचं नाही,’ असा निकाल घरात लागूनही गेला. मुलगी मठ्ठ नाही, हे आईला मनातून ठाऊक आहे. पण स्वतः रसायन शिकलेली नाही, तर बोलणार कशाच्या जोरावर?

पत्रात त्यांनी मुलीचं एक उत्तर उतरवून पाठवलं आहे. प्रश्न होता, पाणी उकळताना काय होतं? मुलीनं लिहिलं, पाण्याचे बंध तुटतात आणि हायड्रोजन व ऑक्सिजन वायू होऊन उडून जातात. उत्तर चुकलं खरं. पण ही चूक मठ्ठपणाची नाही, बरं का! ‘रासायनिक बंध’ आणि ‘द्रव्याच्या अवस्था’ हे दोन्ही धडे तिनं वाचले आणि त्यांची एकमेकांत गुंतवळ झाली, एवढंच. ती सोडवायला आपला ओटा पुरे.

पातेल्यात पाणी उकळत ठेवा आणि वर थंड ताट झाका. जरा वेळानं ताट उचलून लेकीला दाखवा. ताटाच्या पोटाला थेंब लागलेले असतात. ते पाणीच. मग वाफ झाली तेव्हा पाणी मोडलं कुठं? आणि हायड्रोजन तर पेट घेणारा वायू. आधणातून तो सुटत असता, तर रोज चहा ठेवायची हिंमत कोणी केली असती?

आता तिला जत्रेची गर्दी आठवायला सांगा. एका आईनं दोन हातांनी दोन मुलं धरली आहेत. आई म्हणजे ऑक्सिजन, मुलं म्हणजे हायड्रोजन. हा झाला पाण्याचा एक रेणू. अशा शेकडो आया दाटीवाटीनं रांगेत उभ्या राहिल्या, की तो बर्फ. गर्दीतून वाट काढत सरकू लागल्या, की पाणी. गर्दी पांगून चहूकडे गेली, की वाफ. पण आईनं मुलांचा हात सोडला का? नाही. सुटली ती एकमेकींची दाटी. ‘बंध’ म्हणजे तो हात, आणि पुस्तकातलं ‘आंतररेण्वीय आकर्षण’ म्हणजे ही दाटी. स्थायू, द्रव, वायू हा सारा दाटीचा खेळ आहे.

थंडीत खोबरेल थिजतं आणि साधारण २४ अंशांच्या वर पुन्हा पातळ होतं. कितीदा थिजलं नि पातळ झालं, तरी तेल तेच.

मग हात सुटतो कधी? साखर घ्या. लाडवाचा पाक पुढे गेला, की साखरेवर येतो, आपल्याला चांगलं ठाऊक आहे. कण परत दिसतात, म्हणजे साखर मोडलेली नव्हती. पण पुडिंगसाठी कोरडी साखर भांड्यात तापवली, की ती तांबूस होते, करपली तर कोळसा होते. ती थंड करा, पाण्यात घाला, काही करा, पांढरी साखर परत मिळायची नाही. इथं रेणूच्या आतले बंध तुटले. (हा प्रयोग तुम्ही करा, लेकीनं लांबून बघावं, तापल्या साखरेचा चटका फार वाईट.) ‘पुन्हा पहिल्यासारखं होतं का?’ ही खूण प्रत्येक ठिकाणी लागू पडत नाही, पण घरातल्या बहुतेक गोष्टींना पुरते.

मिठाची तऱ्हा वेगळी. कुकरमध्ये मीठ पसरून आपण केक भाजतो, तेव्हा ते तासभर तापूनही वितळत नाही. त्याला ८०१ अंश सेल्सिअस लागतात. का? पाण्यात इलेक्ट्रॉन दोघांत वाटून घेतलेले असतात. तो सहसंयुज बंध. मिठात सोडियम एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, क्लोरीन तो घेतो. देणारा धन, घेणारा ऋण, म्हणून दोघं एकमेकांना ओढतात. तो आयनिक बंध. शिवाय इथं सुट्या जोड्या नाहीत. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन आणि प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम, अशी सगळ्या दाण्यात वीण घातलेली असते. मीठ वितळवायचं, तर ही वीणच सैल करावी लागते.

शेवटचं उदाहरण गॅसचं, आणि हे नीट लक्षात ठेवा. सिलिंडरमध्ये तो दाबाखाली द्रव असतो, बाहेर पडताना वायू होतो. इथवर फक्त दाटी सुटली. बर्नरवर पेटला, की मात्र त्याचे बंध तुटून ऑक्सिजनशी नवे जुळतात आणि पाण्याची वाफ व कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून गळला तर जमिनीलगत साचतो. वास आला, तर काडी ओढू नका आणि विजेचं बटण लावूही नका, बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा.

मुलीला हे सगळं एका दमात सांगू नका. एका दिवशी एक गोष्ट दाखवा, तिलाच विचारा, ‘दाटी सुटली की हात सुटला?’ आणि तिनं सांगितलेलं उत्तर तिच्याकडूनच पुस्तकी शब्दांत लिहून घ्या. पेपरात जत्रा चालायची नाही, तिथं ‘आंतररेण्वीय आकर्षण’च लागतं.

आणि पत्र लिहिणाऱ्या भगिनी, घरात लागलेला तो निकाल तूर्त बाजूला ठेवायला सांगा. चुकीचं का होईना, स्वतः विचार करून उत्तर लिहिणारी मुलगी आहे ती. सायन्स झेपेल की नाही, हे एका सहामाहीनं ठरत नाही. वार्षिक परीक्षेला अजून वेळ आहे. निकाल लागला की मला जरूर कळवा. मी वाट पाहते आहे.